आठ वाजता थांबलेलं इंजिन

१

डेन्झिल क्रॅडॉक बुडून मेला तो कंबरभर पाण्यात. कालव्यावर राहणाऱ्यांत असा एकही माणूस सापडायचा नाही, जो त्या पाण्यात कधी पडला नाही. पडायचं, चिखलात पाय रोवून उभं राहायचं, चार शिव्या हासडायच्या आणि बाकीच्यांनी पोट धरून हसायचं, अशी इथली रीत. म्हणून जानेवारीतल्या त्या सकाळी डेन्झिलच्या 'मॅगपाय' बोटीच्या मागच्या टोकाशी, बर्फाच्या पातळ पापुद्र्याखाली निळं लोकरी काहीतरी दिसलं, तेव्हा हेस्टर पॉकलिंग्टनला आधी वाटलं की कुणीतरी जुना स्वेटर टाकलाय. स्वेटरात माणूस आहे हे कळायला तिला दोन पावलं पुढं जावं लागलं.

हेस्टर एकेकाळी पोलिसात सार्जंट होती. नवरा गेल्यावर तिनं घर विकलं आणि 'कॉन्स्टन्स' नावाच्या सात फूट रुंद बोटीत संसार थाटला. तिनं किंचाळणं वगैरे काही केलं नाही. कुणाला काही शिवू दिलं नाही, पोलिसांना फोन लावला आणि काठावर उभं राहून सवयीनं सगळं नजरेखालून घातलं. मागचा दरवाजा नुसता लोटलेला होता. इंजिन बंद, किल्ली जागच्या जागी. छतावरच्या इंजिनाच्या धुराच्या नळीवर पाऊस आत जाऊ नये म्हणून डबा पालथा घातलेला. रात्री पाऊस येऊन गेला होता आणि पायवाटेवरच्या खुणा धुऊन गेल्या होत्या.

त्या हिवाळ्यात त्या वळणावर चारच बोटी बांधलेल्या होत्या. मधे डेन्झिलची. तिच्या एका बाजूला हेस्टरची, दुसऱ्या बाजूला लेनर्ड फ्यूट्रेल या निवृत्त शाळामास्तरांची 'पेशन्स'. आणि जरा लांब, पुलाखाली, जॉन्टी मेकॅनिकची बोट, जिला त्यानं अजून नावही दिलं नव्हतं.

दुपारी इन्स्पेक्टर संधू आली. पोरगी वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये वाढलेली, बोलायला तुटक पण मनानं नेक. तिनं हेस्टरला एकच महत्त्वाचा प्रश्न विचारला.

"काल संध्याकाळी डेन्झिलचं इंजिन चालू होतं म्हणता. बंद कधी झालं?"

"आठला. रेडिओवर बातम्या लागत होत्या, तेवढ्यात थांबलं."

"नक्की?"

"मी वेळ अंदाजानं सांगत नाही," हेस्टर जरा गुर्मीतच म्हणाली.

संधूनं ते वाक्य लिहून घेतलं. संध्याकाळी कळलं, की पोलिसांनी डेन्झिलच्या मुलीला, टॅम्सिनला, चौकशीसाठी उचललं. आणि उचललं ते हेस्टरच्या त्या एका वाक्यावर.

२

"तुम्हीच हिशेब करा," दुसऱ्या दिवशी संधू म्हणाली. "डोक्याला मागून मार आहे, फुप्फुसात पाणी आहे. म्हणजे कुणीतरी ढकललं, काठाच्या दगडावर डोकं आपटलं, शुद्ध गेली आणि तोंड पाण्यात. थंड पाण्यामुळे डॉक्टर नेमकी वेळ सांगत नाहीत. पण आठला त्यानं स्वतः इंजिन बंद केलं, म्हणजे आठला तो जिवंत होता. त्यानंतर तिथं आली ती फक्त मुलगी. कुत्रा फिरवणाऱ्या एकानं तिला साडेआठला बोटीवर बराच वेळ उभं पाहिलंय."

"आणि आठच्या आधी?"

"वृद्धाश्रमात ड्यूटीवर. सगळे साक्षीला आहेत. तो आठच्या आधी मेला असता, तर ती सुटलीच असती."

"भांडण होतं का बापलेकीचं?"

"नाताळात भर पबमध्ये ओरडली होती. 'त्या लोखंडी डब्यात कुढून मराल, आणि मी रडायलासुद्धा येणार नाही.' अर्ध्या गावानं ऐकलंय. शुक्रवारी तिच्यावर आरोप ठेवतोय आम्ही."

हेस्टरनं चहाचा कप बाजूला सारला. तिनं खरं तेच सांगितलं होतं, आणि खऱ्यानंच घात केला होता. पोलिसांनी टॅम्सिनला तात्पुरतं घरी सोडलं होतं. हेस्टर बस धरून तिच्याकडे गेली.

टॅम्सिन चाळिशीची, रुंद खांद्यांची बाई. अंगावर अजून कामावरचाच झगा होता. दार उघडून म्हणाली, "तुम्हीच ना त्या, घड्याळवाल्या?"

"मीच. आत घेतेस का, की इथूनच हाकलतेस?"

तिनं आत घेतलं. "छाती खराब झाली होती बाबांची," ती सांगू लागली. "हिवाळ्यापुरते तरी माझ्याकडे या, असं मी म्हणत होते. आईच्या मागे त्यांना घरातली भिंतच सोसेनाशी झाली. मी बोलले ते रागानं बोलले हो. कोण बोलत नाही?"

"त्या रात्री काय झालं?"

"टकटक केली. उत्तर नाही. बोट अंधारी. रुसले की असंच करायचे, दिवा मालवून गप्प पडायचे. निघाले मी."

"लगेच निघालीस?"

टॅम्सिननं नजर फिरवली. "लगेच."

"कुत्रेवाला म्हणतो, बराच वेळ उभी होतीस."

"त्याला काय करायचंय? निघाले म्हटलं ना!"

एवढी वर्षं नोकरीत घालवल्यावर खोटं वासावरून ओळखता येतं. पोरगी खोटं बोलत होती, यात हेस्टरला तिळमात्र शंका उरली नाही.

३

लेनर्ड फ्यूट्रेलच्या बोटीत गेलं की आपल्या बुटांची लाज वाटायची, इतकी ती लख्ख. पितळ चकचकीत, दोऱ्या वेटोळ्या घालून ठेवलेल्या, कप ओळीत, सगळ्यांचे कान एका दिशेला. माणूसही तसाच. कालव्यावरचे नियम त्याला पाठ, आणि दुसऱ्याला ते पाठ करून घ्यायची जन्मखोड.

बांधलेल्या बोटीवर इंजिन चालवायचं ते सकाळी आठ ते रात्री आठ, हा इथला नियम. हिवाळ्यात छतावरच्या सौरपट्ट्या नुसत्या शोभेच्या. दिवा, पंप, रेडिओ चालायचा तर बॅटऱ्या भरायला हव्यात, आणि बॅटऱ्या भरायच्या तर जागच्या जागी इंजिन घुरघुरवत बसायचं. पण आठनंतर शेजाऱ्याचे कान आणि नाक मोकळे सोडायचे. सगळे पाळायचे. डेन्झिल पाळायचा नाही. नऊ, साडेनऊ, कधी दहा. रोज आठ वाजून गेले की लेनर्ड टॉर्च घेऊन निघायचा आणि मॅगपायच्या छतावर टकटक करायचा. रोज डेन्झिल त्याला एकच वाक्य ऐकवायचा, "मास्तर, शाळा सुटली."

"गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये," लेनर्ड चहा ओतत म्हणाला. "पण मिसेस पॉकलिंग्टन, कसली ती वागणूक! त्याच्या उभ्या नळीवर झाकण नव्हतं. पाऊस थेट इंजिनात जायचा. मी माझ्याकडचा चांगला डबा नेऊन दिला. त्याचं काय केलं त्यानं? सिगारेटची थोटकं विझवायला ठेवला! माझ्यासमोर! मुद्दाम!"

"शेवटपर्यंत?"

"परवा संध्याकाळपर्यंत तरी तोच धंदा चालू होता."

"परवा तुम्ही बाहेर होतात?"

"छे. वाचत बसलो होतो. दिवसभर दाराबाहेर पाऊल टाकलं नाही. आठला इंजिन थांबलं तेव्हा मनात म्हटलं, चला, या हिवाळ्यात पहिल्यांदा शहाणपण सुचलं."

पहिल्यांदा. हेस्टरनं कप खाली ठेवला. सगळ्या वळणाला सुटकेचा श्वास टाकायला लावणारी गोष्ट घडली होती, आणि ती का घडली हे कुणीच विचारलं नव्हतं, तिनंही नाही. जो माणूस जन्मभर आठला थांबला नाही, तो मरायच्या दिवशी बरा ठोक्याला थांबला!

ती बाहेर आली आणि मॅगपायसमोर थबकली. नळीवर डबा पालथा होता. सगळ्या जुन्या बोटींवर असतो तसाच, म्हणून तर त्या सकाळी तो दिसूनही खटकला नव्हता. तिनं संधूला फोन केला. पोलिसांपैकी कुणी डब्याला हातही लावलेला नव्हता. मग पोलिसांच्या पट्टीच्या अलीकडे राहून, मान लांब करून तिनं मागच्या राखेच्या बादलीत पाहिलं. बादलीत राख होती आणि राखेवर मूठभर थोटकं, नीट एका जागी ओतलेली.

इंजिन चालू असताना त्या नळीतून धूर निघतो, म्हणजे ते थांबल्यावर कुणीतरी थोटकं बादलीत रिकामी केली होती आणि डबा नळीवर घातला होता. डेन्झिलनं ते जन्मात केलं नसतं.

४

जॉन्टी पुलाखाली कुणाचा तरी पंप उघडून बसला होता. हातभर ग्रीस, ओठांत विझलेली सिगारेट.

"या सार्जंटबाई! बेड्या आणल्यात का?"

"बडबड कमी कर. परवा कुठे होतास?"

"पबमध्ये. दुपारपासून. मालकिणीनं हाकलेपर्यंत. तिला विचारा, अजून उधारी आठवून देईल." मग त्याचा चेहरा उतरला. "त्या टॅम्सिनला खरंच अडकवणार का हो?"

"अडकवणारच. डेन्झिलनं आठला इंजिन बंद केलं असेल तर सुटका नाही तिची."

जॉन्टीनं पाना खाली ठेवला. बराच वेळ हात पुसत राहिला. पुसून पुसून चिंधीच जास्त काळी झाली.

"मी त्याला शब्द दिला होता," तो म्हणाला.

"मेलाय तो, जॉन्टी. पोरगी जिवंत आहे."

"आठला बंद करणं त्याला परवडतच नव्हतं. झोपेत श्वास अडकायचा त्याचा. इस्पितळातून यंत्र दिलं होतं, तोंडाला लावून झोपायचं. ते बॅटरीवर चालतं. मीच जोडून दिलं. त्याच्या बॅटऱ्या म्हणजे भाकड म्हशी, कितीही चारा घाला, दूध नाही. आठला थांबला तर पहाटेच्या आधी यंत्र बंद पडणार. मग उशाला पाठ टेकून बसून राहायचा, उजाडेपर्यंत. नऊ-साडेनऊपर्यंत ओढलं तरच रात्र निभायची."

"मग सांगितलं का नाही कुणाला? लेनर्डला तरी?"

"टॅम्सिनला कळलं असतं तर हात धरून घरी नेलं असतं. आणि मास्तरापुढं दमेकरी म्हणून हात जोडणार, तो डेन्झिल? त्यापेक्षा शिव्या खाईन म्हणाला."

हेस्टर पुलाच्या ओल्या भिंतीला टेकली. म्हणजे तिनं वेळ बरोबर सांगितली होती आणि अर्थ मात्र सगळ्यांनी मिळून चुकीचा लावला होता. इंजिन आठला थांबलं होतं, पण डेन्झिलनं ते थांबवलं नव्हतं. आठला तो काही थांबवण्याच्या स्थितीत राहिलाच नसावा.

आणि कोणी थांबवलं, हेही आता तिला ठाऊक होतं. फक्त ते संधूनं स्वतःच्या कानांनी ऐकायला हवं होतं.

५

गुरुवारी संध्याकाळी हेस्टरनं कॉन्स्टन्सचं इंजिन सुरू केलं आणि आठ वाजून गेले तरी बंद केलं नाही. आत, दिवा मालवून, संधू गार चहाचा कप धरून बसली होती. आभाळ भरून आलं होतं. हेस्टर पिठाचे हात घेऊन मागच्या दारात उभी राहिली. ती खरंच पाव मळत होती, नाहीतर हातांचं काय करावं हे तिला सुचलं नसतं.

टॉर्च आली. छतावर तीनदा टकटक झाली.

"मिसेस पॉकलिंग्टन, आठ वाजून गेले. तुमच्याकडून अपेक्षा नव्हती."

"हो का? लक्षातच नाही. माझे हात भरलेत, तुम्हीच करता का बंद?"

लेनर्ड क्षणभर अडखळला. दुसऱ्याच्या बोटीवर पाय ठेवणं त्याच्या शिस्तीत बसत नव्हतं. पण इंजिन चालू राहणं त्याहून कमी बसत होतं. तो चढला. बंद करायची मूठ ओढली, इंजिन मरेपर्यंत धरून ठेवली, परत आत ढकलली, मग किल्ली फिरवली. सगळं नेमानं. आणि उतरता उतरता, छतावर पडलेला डबा उचलून त्यानं हेस्टरच्या नळीवर पालथा घातला.

आता सगळीकडे शांत होतं.

"डबा घाला म्हणून मी नव्हतं सांगितलं," हेस्टर म्हणाली.

"पाऊस येणार आहे."

"त्या दिवशीही येणार होता."

हेस्टर बोलत राहिली, आवाज न चढवता. डेन्झिलनं इंजिन थांबवलं नाही, कारण त्याला ते परवडत नव्हतं. ज्यानं थांबवलं त्याला डबा सुटा पडलेला बघवला नाही. जॉन्टी पबमध्ये होता, आणि त्याच्या बोटीचा धूर बाजूनं निघतो, त्याच्या हाताला डब्याची सवयच नाही. ती स्वतः रेडिओपाशी होती. टॅम्सिन आठपर्यंत म्हाताऱ्यांना जेवण भरवत होती. "आणि तुम्ही म्हणालात दिवसभर बाहेर पाऊल टाकलं नाही. मग त्या संध्याकाळपर्यंत डब्यात थोटकं होती, हे तुम्हाला तुमच्या खुर्चीतून दिसलं?"

लेनर्डनं टॉर्च आपल्याच बुटांकडे वळवली.

"सहाला गेलो होतो," तो शेवटी म्हणाला. "धूर माझ्या खिडकीत येत होता. म्हटलं, जरा हळू तरी चालवा. त्यानं माझ्या तोंडावर धूर सोडला आणि थोटूक डब्यात चिरडलं. माझ्या डब्यात. मी... ढकललं. फक्त भिजावा म्हणून. कंबरभर पाणी हो! सगळे पडतात. मी नाही का पडलो चार वेळा?"

"मागं वळून पाहिलंत?"

"नाही. वाटलं, आता शिव्या देत उभा राहील. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. मला तर बरंच वाटत होतं. घरी येऊन शांतपणे सूप प्यालो."

"आणि आठला?"

"इंजिन चालूच. टकटक केली, कुणी नाही. म्हटलं कपडे बदलून पबात गेला असेल, मला चिडवायला मुद्दाम चालू ठेवून. मग मीच बंद केलं. नियम म्हणजे नियम."

"चालू ठेवलं असतंत, तर सकाळी आम्ही सगळ्यांनी डेन्झिललाच बोल लावला असता. पाय घसरला म्हणून प्रकरण मिटलं असतं. तुमचं नाव कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं."

लेनर्डनं तिच्याकडे असं पाहिलं, की हा विचार त्याला आत्तापर्यंत शिवला नव्हता हे तिला स्पष्ट दिसलं. "पण आठ वाजून गेले होते," तो म्हणाला.

"आणि टॅम्सिनला नेलं तेव्हा तोंडाला कुलूप का लावलंत?"

"ती निर्दोष होती. निर्दोष माणसाला सोडतातच."

हेस्टरनं उभी हयात पोलिसात काढली होती. तिला त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला, आणि त्याच वेळी त्याची कीवही आली. मग तिनं त्याला यंत्राचं सांगितलं. सांगू नये असं आधी ठरवलं होतं, पण सांगितलंच.

लेनर्ड छताला धरून हळूच खाली बसला. "मग बोलायचं नाही का त्यानं? मीच परवानगी आणून दिली असती. आजारी माणसासाठी मी स्वतः अर्ज लिहिला असता. चार ओळींचं काम..."

संधू आतून बाहेर आली. तिनं त्याचा दंड धरला, पण धरला तो आधार द्यावा तसा. पाऊस सुरू झाला होता.

६

शनिवारी टॅम्सिन मॅगपायवर बापाचं सामान आवरायला आली. हेस्टर छतावर टकटक करून आत गेली. आत गोठवणारी थंडी होती, कोळसाही उरला नव्हता. टॅम्सिन उशाजवळ बसली होती, मांडीवर ते यंत्र आणि त्याची लवचीक नळी.

"हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "रोज परक्या म्हाताऱ्यांना हेच लावून देते मी. रोज."

हेस्टरनं थर्मासातला चहा ओतला.

"तुम्ही विचारलंत ना, लगेच निघालीस का? नाही निघाले. खोटं बोलले. लाज वाटली. पोलिसांना काय सांगणार, की बंद दाराशी बडबडत होते?" तिनं नाक पुसलं. "माफी मागितली मी. नाताळात बोलले ते सगळं परत घेतलं. म्हटलं, बाबा, नका येऊ माझ्याकडे, मीच दर रविवारी येईन, इथं, या डब्यात, बसू दोघं. इतकं बोलले आयुष्यात कधी त्यांच्याशी. उत्तर नाही आलं तर म्हटलं, रुसलेत, पण ऐकतायत. ऐकून घेतलंय आपलं. त्याच समाधानात घरी गेले हो मी."

हेस्टरनं कप तिच्या हातात दिला.

"तुम्ही वेळ अंदाजानं सांगत नाही ना? मग सांगा. मी आले तेव्हा ते जिवंत होते?"

हेस्टरला खोटं बोलायचं होतं. मनापासून बोलायचं होतं. पण डेन्झिल आठच्या आधीच गेला होता, एवढ्या एका गोष्टीवर या पोरीची सुटका उभी होती, आणि कागदावर ते संधूनं सही-शिक्क्यानिशी लिहिलं होतं.

"नाही, पोरी. अडीच तास आधीच गेले होते."

"म्हणजे त्यांनी काहीच ऐकलं नाही, म्हणून मी सुटले."

"हो."

टॅम्सिननं मान हलवली. कप तसाच हातात धरून ती रडायला लागली, मोठ्यानं, लहान मुलीसारखी. हेस्टर तिच्या शेजारी अरुंद बाकावर सरकून बसली आणि तिनं तिच्या पाठीवर हात ठेवला. बाहेर एक बोट हळू वेगानं शेजारून गेली, तिच्यावरच्या माणसानं रीतीप्रमाणे हात केला, पण आतून कुणी उलट हात केला नाही.